तासाला पाव मीटर चालणारा इलेक्ट्रॉन दिवा लगेच कसा लावतो?

बटण दाबलं की दिवा लागतो. मध्ये क्षणभरही गेल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: बटण दाबताच इलेक्ट्रॉन तारेतून सुसाट निघतात, दिव्यात जाऊन पोचतात आणि उजेड पडतो. माझ्या डोक्यातही कॉलेजात जाईपर्यंत हेच होतं. मग एकदा वर्गात गणित सोडवायला मिळालं. तांब्याची तार, छेदाचं क्षेत्रफळ एक चौरस मिलिमीटर, तिच्यातून एक अँपिअर धारा. इलेक्ट्रॉन किती वेगानं पुढे सरकतात? उत्तर आलं, सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. म्हणजे तासाला जेमतेम पाव मीटर. गोगलगायसुद्धा याच्या कितीतरी पट वेगानं चालते. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. उत्तर बरोबरच होतं.

तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही. कारण या कोड्याचा धागा धरून मागे मागे गेलं की वीज, चुंबक आणि शेवटी प्रकाशसुद्धा एकाच ठिकाणी येऊन भेटतात. ते ठिकाण म्हणजे धन आणि ऋण यांचा जवळजवळ तंतोतंत साधलेला तोल, आणि त्या तोलातला नखाएवढा फरक.

## प्रभार म्हणजे काय?

अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन, भोवती इलेक्ट्रॉन, हे शाळेत सगळे शिकतात. या कणांना जसं वस्तुमान असतं तसाच आणखी एक अंगचा गुण असतो. त्याला विद्युतप्रभार म्हणतात, बोलताना आपण चार्ज म्हणतो. इथे नुसतं प्रभार म्हणू. प्रभार दोन जातींचा, धन आणि ऋण. एका जातीचे एकमेकांना दूर लोटतात, वेगळ्या जातीचे एकमेकांना ओढतात. अंतर दुप्पट झालं की हा जोर चौथाईवर येतो. कुलाँ यांनी १७८५ मध्ये ते मोजून दाखवलं.

‘पण प्रभार नेमका कशाचा बनलेला?’ हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. प्रामाणिक उत्तर असं, की तो कशाचाच बनलेला नाही. त्याखाली आणखी पायरी नाही. तो कसा वागतो एवढंच सांगता येतं. आणि तो वागतो कमालीच्या शिस्तीनं. प्रत्येक इलेक्ट्रॉनवरचा प्रभार अगदी सारखा. प्रोटॉनवर तेवढाच, फक्त उलट जातीचा. एकूण बेरीज कधी वाढत नाही, कधी घटत नाही.

धन आणि ऋण ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी रुळवली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून. तोवर धारेची दिशा धनाकडून ऋणाकडे मानायची पद्धत पडून गेली होती. तारेत प्रत्यक्ष सरकतात ते मात्र ऋण इलेक्ट्रॉन, बरोबर उलट्या दिशेनं. यानं हिशेब कुठे अडत नाही, पण विद्यार्थी गोंधळतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

## एवढा मोठा जोर लपतो कुठे?

एक ग्रॅम तांबं घ्या. नखावर मावेल एवढं. त्यात २७५ वर २१ शून्यं इतके इलेक्ट्रॉन असतात आणि तितकेच प्रोटॉन. समजा असे दोन तुकडे एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले आणि दोन्हींमधून शंभरातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला. तर ते एकमेकांना किती जोरानं लोटतील? सुमारे १८ हजार कोटी टन वजनाइतक्या जोरानं. डोंगर उडवून लावेल असा हा जोर आहे, आणि तो आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूत, आपल्या हाताच्या बोटातसुद्धा आहे. आपल्याला तो जाणवत नाही, कारण धन आणि ऋण एकमेकांना पूर्ण फेडून टाकतात. हिशेब शून्यावर येतो.

म्हणून रोजच्या जगात जी वीज आपल्याला दिसते ती या शून्यापासून झालेली अगदी बारीक हालचाल असते. कोरड्या हवेत प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून आठ-दहा वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात. नीट पाहत राहिलं तर आणखी एक गंमत दिसते. एखादा कपटा चिकटतो, क्षणभर थांबतो आणि कुणी फुंकर मारावी तसा दूर फेकला जातो. कंगव्याचा थोडा प्रभार त्याच्यावर गेलेला असतो, दोघे आता एका जातीचे झालेले असतात. या साऱ्या खेळात इकडचे तिकडे झालेले इलेक्ट्रॉन काही अब्ज असतील. दहा ग्रॅमच्या कंगव्यात एकूण इलेक्ट्रॉन असतात सुमारे ३ वर २४ शून्यं. म्हणजे लाख कोटींमागे एकही नाही, आणि तरी कागद उडतो.

## हळू चालूनही दिवा लगेच कसा?

धातूमध्ये प्रत्येक अणूचा एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन त्या अणूचा राहिलेला नसतो, तो साऱ्या तुकड्यात मोकळा भटकतो. आणि भटकतो तोही भयंकर वेगानं, तांब्यात सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या पुढे. पण दिशा एक नाही. मधमाश्यांचं मोहोळ उठलेलं असतं तेव्हा प्रत्येक माशी सैरावैरा उडत असते, पण अख्खं मोहोळ मात्र हळूहळू एका बाजूला सरकतं. तसं. आपण मघाशी काढला तो तासाला पाव मीटर हा मोहोळाचा वेग. या सरकण्यालाच विद्युतधारा म्हणतात. एक अँपिअर म्हणजे तारेच्या कुठल्याही एका ठिकाणाहून दर सेकंदाला ६२४ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन जाणं. वेग नगण्य, पण संख्या अफाट.

आता दिव्याचं. गच्च गर्दीच्या बोळात शेवटच्या माणसानं रेटलं तर पुढचा माणूस लगेच बाहेर पडतो. रेटणारा स्वतः पुढे जात नाही, रेटा पुढे जातो. तार ही अशीच गच्च भरलेली असते. बटण दाबण्याआधीपासून दिव्याच्या तारेत इलेक्ट्रॉन असतातच. बटण दाबल्यावर पोचतो तो रेटा. फक्त एक फरक ध्यानात ठेवायला हवा. गर्दीत माणसं एकमेकांना प्रत्यक्ष ढकलतात. इलेक्ट्रॉन एकमेकांना न शिवता लोटतात. प्रभाराच्या भोवती जिथवर त्याचा जोर जाणवतो, त्या टापूला विद्युतक्षेत्र म्हणतात. बटण दाबलं की बदल होतो तो या क्षेत्रात, आणि तो बदल तारेच्या कडेकडेनं सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगानं धावतो. पाच मीटर तार पार करायला त्याला सेकंदाचा चार कोटीवा हिस्सा लागतो. तोवर तारेतला कुठलाही इलेक्ट्रॉन रेट्यानं म्हणावा असा जागचा हललेलाही नसतो.

## मग आपण वापरतो काय?

घरात येते ती वीज पुढे-मागे होणारी असते, कुठे सेकंदाला ५० वेळा तर कुठे ६० वेळा. त्या तारेत एक अँपिअर धारा असेल, तर इलेक्ट्रॉनांचं मोहोळ मिलिमीटरचा हजारावा भागही हलत नाही. जागच्या जागी डुलतं. यावर लगेच शंका येते: जे पुढे जातच नाही ते काम कसं करेल? करवत आठवा. ती पुढे जाते, मागे येते, शेवटी जिथल्या तिथे असते, पण लाकूड कापलं जातं.

‘वीज संपली’, ‘वीज जाळली’ असं आपण म्हणतो. इलेक्ट्रॉन संपत नाहीत, जळतही नाहीत. दिव्यातून जितके निघतात तितकेच त्यात शिरतात. संपते ती ऊर्जा, आणि ती तारेच्या पोटातून वाहत येत नाही. ती तारेच्या बाहेरून, तारेला लगटून असलेल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून येते. तार तिला फक्त वाट दाखवते. हे पहिल्यांदा ऐकल्यावर पटायला जड जातं, मलाही गेलं. पण यात चुंबकीय क्षेत्र हा शब्द आला आणि आता त्याच्याकडे वळायलाच हवं.

## तारेशेजारची सुई

१८२० मध्ये हान्स क्रिस्टियान ऑर्स्टेड यांना दिसलं की तारेतून धारा सोडली की जवळची होकायंत्राची सुई वळते. तोवर वीज आणि चुंबक ही दोन वेगळी खाती होती. हा प्रयोग कुणालाही करता येतो. होकायंत्र टेबलावर ठेवा, सुईच्या डोक्यावरून, तिला समांतर, तार धरा आणि तारेची टोकं दीड व्होल्टच्या साध्या सेलला क्षणभर टेकवा. सुई झटकन तिरकी होते. सेल उलटा केला की ती दुसऱ्या बाजूला वळते. टोकं एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. आणि भिंतीतल्या विजेवर हा प्रयोग कधीच करायचा नाही.

मी हा प्रयोग पन्नास वेळा तरी केला असेन. दर वेळी तीच गोष्ट खटकायची. सुई तारेकडे ओढली जात नाही, तारेपासून ढकललीही जात नाही. ती आडवी वळते. आणि तार तर तोलात आहे, तिच्यात धन-ऋण सारखे आहेत. मग हा जोर आला कुठून?

## चुंबकत्व येतं कुठून?

सोपं उदाहरण घेऊ. दोन समांतर तारा, दोन्हींतून एकाच दिशेनं धारा. त्या एकमेकींना ओढतात. ऑर्स्टेड यांची बातमी कळल्यावर काही आठवड्यांतच अँपिअर यांनी हे दाखवलं.

आता कल्पनेनं पहिल्या तारेतल्या सरकत्या इलेक्ट्रॉनच्या पाठीवर बसा आणि शेजारच्या तारेकडे पाहा. तिथले इलेक्ट्रॉन तुमच्याच वेगानं, तुमच्याच दिशेनं चाललेत, त्यामुळे ते तुम्हाला थांबलेले दिसतात. उलट तांब्याचे, मोकळा इलेक्ट्रॉन गमावल्यानं धन झालेले अणू मागे पळताना दिसतात, गाडीतून झाडं मागे पळताना दिसावीत तसे. इथे आइनस्टाइन यांची १९०५ मधली सापेक्षता येते. ती सांगते, की पळणारी वस्तू पळण्याच्या दिशेनं किंचित आखूड भरते. म्हणजे तुमच्या नजरेला धन अणू किंचित दाट झाले आणि इलेक्ट्रॉन किंचित विरळ. तोल गेला. शेजारची तार तुम्हाला धन वाटते, आणि तुम्ही ऋण, म्हणून ती तुम्हाला ओढते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी तार तोलातच आहे. तो या ओढीला चुंबकीय जोर म्हणतो.

तारेपुरतं बोलायचं तर चुंबकत्व ही वेगळी शक्ती नाहीच. चालत्या प्रभाराला दुसरा चालता प्रभार जसा दिसतो, तसं ते विजेचंच रूप आहे.

## ‘पण धावणारे इलेक्ट्रॉन मग आपल्याला दाट का दिसत नाहीत?’

चोखंदळ वाचक इथे मला अडवणार आणि अडवायलाच हवं. आपण तारेबाहेर उभे आहोत, आपल्या नजरेला इलेक्ट्रॉन पळताहेत. तर ते आखडून दाट व्हावेत आणि तार ऋण दिसावी. तसं होत नाही, कारण इलेक्ट्रॉन एखाद्या कांबीवर ठोकून बसवलेले नाहीत. ते मोकळे आहेत. जरा जास्त दाटी झाली की एकमेकांना लोटून ते अंतर वाढवतात, आणि आपल्या बाजूनं तार तोलात येईपर्यंत वाढवत राहतात. धन अणू मात्र जागेला जखडलेले असतात.

## ‘गोगलगायीहून मंद वेगाला सापेक्षता कशी लागू पडेल?’

सापेक्षता प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या यानांसाठी असते असं आपण ऐकलेलं असतं. म्हणून हा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यांत सुंदर.

वरच्याच तारा घ्या, दोन्हींत एक अँपिअर, मध्ये एक मीटर अंतर. धन अणू नसते आणि नुसते मोकळे इलेक्ट्रॉन असते, तर एका तारेनं दुसरीच्या प्रत्येक मीटरला ३ कोटी कोटी टनांहून जास्त वजनाच्या जोरानं लोटलं असतं. आता आखूड होण्याचा परिणाम किती? इलेक्ट्रॉनच्या वेगाला प्रकाशाच्या वेगानं भागून त्याचा वर्ग करायचा. येणारा आकडा इतका लहान, की एका वस्तूचे १ वर २५ शून्यं एवढे भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही अर्ध्याहून थोडासाच जास्त. असल्या आकड्याला कुणी विचारलंही नसतं. पण तो त्या राक्षसी जोराला गुणला जातो, आणि उरतो दर मीटरला एका ग्रॅमच्या पन्नास हजाराव्या भागाच्या वजनाइतका जोर. नेमका हाच जोर तारांमध्ये असतो. १९४८ पासून २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच या जोरावरून केली जात होती.

तारेचे शेकडो वेढे घातले, धारा वाढवली, आत लोखंड ठेवलं की हा इवलासा जोर वाढत वाढत मोटार फिरवतो. प्रत्येक विजेच्या मोटारीत ज्या शक्तीनं दांडा फिरतो, ती मुळात त्या प्रचंड तोलातली एवढीशी गफलत आहे.

## लोहचुंबकात तर तार नाही, सेलही नाही

खरं आहे. तिथे धारा सोडणारं कुणी नाही. तिथे कारण इलेक्ट्रॉनच्या अंगातच असतं. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. या गुणाला स्पिन म्हणतात, १९२५ मध्ये तो ओळखला गेला. नावावरून वाटतं की इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो, पण ते चित्र खरं मानू नये. तसा फिरत असता तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त भरला असता. तारेचं स्पष्टीकरण जसंच्या तसं इथे लावता येत नाही, त्याला पुंजभौतिकी, म्हणजे अणूएवढ्या चिमुकल्या जगाचे नियम सांगणारं शास्त्र, लागते.

बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात, एकाचं तोंड वर तर दुसऱ्याचं खाली. पुन्हा हिशेब शून्य. लोखंडाच्या अणूत मात्र सरासरी दोनेक इलेक्ट्रॉनांची जोडी जमलेली नसते, आणि शेजारशेजारचे अणू आपापले चुंबक एकाच दिशेला लावून घेतात. अशा एकदिश अणूंचे लहान लहान पट्टे तयार होतात. साध्या खिळ्यात हे पट्टे चारी दिशांना तोंड करून असतात, म्हणून खिळा चुंबक नसतो. चुंबक जवळ आणला की ते एका दिशेला वळू लागतात आणि खिळा ओढला जातो. तापवून ७७० अंश सेल्सियसच्या वर नेलं की अणूंच्या धडपडीत ही रांग मोडते आणि लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं.

## उलट वाट: चुंबकापासून वीज

विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? मायकेल फॅरेडे यांना याचं उत्तर १८३१ मध्ये मिळालं. नुसता चुंबक तारेजवळ ठेवून काही होत नाही. चुंबक किंवा तार हलली पाहिजे. तार हलवली की तिच्यातले इलेक्ट्रॉनही तिच्याबरोबर हलतात, म्हणजे ते चालते प्रभार झाले, आणि चुंबक चालत्या प्रभाराला आडवा जोर लावतो. हा आडवा जोर तारेच्या लांबीच्या दिशेनं आला की इलेक्ट्रॉन तारेतून सरकू लागतात. जनरेटर इलेक्ट्रॉन तयार करत नाही, आधीच असलेल्यांना रेटतो. पाणी पडो, वाफ सुटो की वारा वाहो, शेवटी तारेसमोर चुंबक फिरवायचा असतो.

हे हातानं अनुभवायचं असेल तर तांब्याची उभी नळी आणि तिच्यात सहज मावणारा जोरकस चुंबक घ्या. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे आधी खात्री करून पाहा. मग चुंबक नळीत सोडा. तो दगडासारखा पडत नाही. मधातून बुडावा तसा सावकाश खाली येतो. वरून डोकावलं तर कुठेही न टेकता तरंगत उतरताना दिसतो. पडत्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत धारा उठतात, त्या धारांचं चुंबकत्व पडणाऱ्याला अडवतं, आणि त्याची ऊर्जा नळीत उष्णता होऊन जाते.

बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र उभं करतं आणि बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मधल्या लेखात दाखवलं की ही दोघं एकमेकांना जन्म देत मोकळ्या जागेतून पुढे जाऊ शकतात. या लाटेचा वेग त्यांनी काढला, तर तो मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाशी जुळला. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी अशा लाटा प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. मोबाइलच्या अँटेनात आज तेच चालतं: इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलवायचे, म्हणजे लाट बाहेर पडते आणि दूरच्या अँटेनातले इलेक्ट्रॉन हलवते.

## चुंबक मधोमध तोडला तर?

उत्तर ध्रुव एका हातात आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्या हातात येईल, असं वाटणं साहजिक आहे. येतात ते दोन पूर्ण चुंबक, प्रत्येकाला दोन्ही ध्रुव. कितीही तुकडे करा, एकटा ध्रुव हाती येत नाही. धन प्रभार वेगळा काढता येतो, ऋण वेगळा काढता येतो, पण चुंबकत्वाच्या मुळाशी ‘चुंबकीय प्रभार’ असं काही सापडलेलंच नाही. तिथे आहेत चालते विद्युतप्रभार आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन.

तरी शोध थांबलेला नाही आणि त्याला कारण आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचे प्रभार एकमेकांना किती नेमके फेडतात, हे मोजून पाहिलं गेलं आहे. फरक असलाच तर तो १ वर २१ शून्यं एवढ्या भागांतल्या एका भागापेक्षाही कमी आहे. प्रोटॉन क्वार्क नावाच्या तीन कणांचा बनलेला, इलेक्ट्रॉन आपल्या माहितीप्रमाणे कशाचाच नाही, दोघं सर्वस्वी वेगळ्या घरचे. मग दोघांचा तोल इतका काटेकोर का, याचं सर्वांना मान्य असं उत्तर अजून नाही. १९३१ मध्ये पॉल डिरॅक यांनी दाखवलं की विश्वात कुठेही एक जरी एकटा चुंबकीय ध्रुव असला, तर प्रभार ठरावीक मापाच्या पटीतच का येतो याचा उलगडा होतो. असा कण आजवर एकदाही खात्रीनं सापडलेला नाही.